ग्लास उजव्या हाताला ठेवा

गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या ताईंना, आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता इकडं कान ठेवणाऱ्या सगळ्यांना रामराम.

एरवी मी तुमच्याशी हप्ता, अंतर्गत कर्ज, वह्या लिहिणं असलं बोलत असते. आज लकव्याबद्दल बोलायचंय. कुणी अर्धांगवायू म्हणतं, कुणी पॅरालिसिस म्हणतं, आपल्याकडची जुनी माणसं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. त्यातही मी आज फक्त हाताबद्दल बोलणार आहे. लकवा झालेलं माणूस बऱ्याचदा काठी धरून, पाय ओढत का होईना, पण चालायला लागतं. हात मात्र मागं राहतो. तो परत कामाला कसा लावायचा, आणि घरच्यांच्या कोणत्या चुकीमुळं तो मांडीवर पडून राहतो, हे सांगायचंय. ती चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगते.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. गावातल्या गटाच्या नऊ वर्षं अध्यक्ष. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण सही करायला लागल्यापासून त्यांनी कधी अंगठा उठवला नाही. बँकेत जायचं म्हटलं की आदल्या दिवशीच लुगडं धुऊन ठेवायच्या.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. सकाळी साडेसहाला चहा गाळताना त्यांच्या हातातलं पातेलं सुटलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं बोबडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. शेजारचे म्हणाले वारं आहे, अंग चोळा. कुणी लसणाचं तेल आणलं. कुणी म्हणालं, एका गावाला झाडपाल्याचं औषध मिळतं, तिकडं न्या. आम्ही आधी तिकडं गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते पहिली खूण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून तोंड वाकडं झालं, हात वर धरला की खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं, वेळ लिहून घ्यायची आणि १०८ ला फोन लावायचा. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. आमचे ते साडेचार तास रस्त्यातच गेले.

आठ दिवसांनी आत्याबाई घरी आल्या. पंधराव्या दिवशी गटाची बैठक झाली. बँकेतून पैसे काढायचे होते आणि अध्यक्षांच्या सहीवाचून ते निघत नव्हते. नवीन अध्यक्ष निवडायचं ठरलं. ठराव मीच लिहिला, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असा. काम अडलं होतं, ठराव नियमाप्रमाणं होता. पण बैठक आमच्याच ओसरीवर चालली होती आणि आत्याबाई आतल्या खोलीत बाजेवर जाग्या होत्या. त्यांना विचारायला आमच्यापैकी कुणीही आत गेलं नाही. हे मी आज रेडिओवर सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

आता लकव्यात होतं काय ते बघू. लकवा हातात होत नाही, मेंदूत होतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग मरतो. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते, आणि उजवी बाजू डाव्या अंगाला. आत्याबाईंच्या मेंदूची डावी बाजू दुखावली, म्हणून उजवा हात गेला. हाताची हाडं, मांस, सगळं जागच्या जागी होतं. विहिरीवरची मोटार चांगली असते, पण डीपी जळली की ती चालत नाही, तसं. मग मोटारीला कितीही तेल लावलं तरी लाईट येईल का? मालिशनं अंग मोकळं वाटतं, माणसाला बरं वाटतं, हळू हातानं जरूर करा. पण नुसत्या मालिशनं हात काम करायला शिकत नाही.

मग शिकतो कसा? पावसाळ्यात पांदणीचा रस्ता वाहून जातो, तेव्हा शेतात जाणं तर थांबत नाही. कुणीतरी बांधावरून जातं, काटे तुडवत, घसरत. दुसऱ्या दिवशी दुसरी जाते. महिनाभरात तिथं पायवाट पडते. मेंदूतही तसंच होतं. मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण त्याच्या आजूबाजूचा चांगला भाग ते काम थोडंफार शिकून घेऊ शकतो. त्या नव्या वाटेनं रोज येणं-जाणं मात्र पाहिजे. कुणी गेलंच नाही तर तिथं गवत माजतं.

आमच्या घरात तेच झालं. आम्ही आत्याबाईंना जेवण भरवायचो. पाणी मी पाजायचे. केस नणंद विंचरायची. नातू चपला घालून द्यायचा. गावातल्या बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. हात त्यांनी एक-दोनदा हलवून बघितला, ग्लास कलंडला, पाणी अंगावर सांडलं. मी म्हणाले, “राहू द्या आत्याबाई, मी आहे ना.” त्यानंतर त्यांनी तो हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच.

या सवयीवर अमेरिकेत एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञानं बरीच वर्षं अभ्यास केला. सुरुवातीचे प्रयोग माकडांवर होते. माकडाच्या एका हाताकडून स्पर्शाची खबर नेणाऱ्या नसा कापल्या. हात हलवणाऱ्या नसा तशाच होत्या, म्हणजे हात हलू शकत होता. तरी माकड तो वापरेना. आधी वापरून बघितला, जमलं नाही, मग चांगल्या हातानंच सगळं करायची सवय लागली. चांगला हात बांधून ठेवल्यावर मात्र ते दुसऱ्या हातानं खायला लागलं. म्हणजे त्या हातात होती त्याहून कमी ताकद तो दाखवत होता. न वापरायची सवय लागली होती.

मग हीच रीत माणसांवर वापरून पाहिली गेली. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल छापून आला. लकवा होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. त्यातल्या काहींच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला. जागेपणीचा ९० टक्के वेळ तो मोजा हातात असायचा, आणि कमजोर हाताकडून दिवसाला सहा तासांपर्यंत कामं करून घ्यायचे. त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

आता लगेच घरी जाऊन कुणाचा चांगला हात बांधू नका. त्या अभ्यासात घेतलेल्यांना मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येत होती. ज्यांची बोटं अजिबात हलत नाहीत त्यांचा चांगला हात बांधला तर माणूस पूर्ण परावलंबी होतं, आणि तोल गेला तर आधारही घेता येत नाही. कुणाला हे चालेल ते फिजिओथेरपीच्या डॉक्टरनीच ठरवायचं. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की जेवढा हात हलतो तेवढ्याकडून रोज काम मागायचं.

आम्हाला हे कळायला अडीच महिने लागले. जालन्याला फिजिओथेरपीच्या एक मॅडम भेटल्या. त्यांनी आधी हात तपासला. आत्याबाईंची बोटं थोडी उघडत होती, कोपर थोडं सरळ होत होतं. मला तर हे माहीतही नव्हतं. तेवढ्यात आत्याबाईंनी पाणी मागितलं. मी सवयीनं ग्लास उचलून त्यांच्या तोंडाला लावला. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्ही सगळ्यांनी मिळून यांच्या हाताला सुट्टी देऊन टाकली.” मग त्यांनी ग्लास अर्धा रिकामा केला, आत्याबाईंच्या उजव्या बाजूला टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “मावशी, तहान लागली ना? घ्या.”

आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. हात सरकत सरकत ग्लासापर्यंत गेला, बोटं ग्लासाला लागली आणि ग्लास आडवा झाला. मी पुसायला उठले तर मॅडमनी मला हातानंच बसवलं. ग्लास परत भरून तिथंच ठेवला. त्या दिवशी आत्याबाई त्या हातानं पाणी पिऊ शकल्या नाहीत. पण घरी येताना बसमध्ये त्या सारख्या आपल्या उजव्या हाताकडं बघत होत्या.

मुंबईत हाजीअलीला अशा पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासून. पण बदनापूरची बाई रोज हाजीअलीला कशी जाणार? जालन्याला रोज जायचं म्हटलं तरी एक रोज बुडतो. म्हणून आम्ही मॅडमकडून आठवड्याला एकदा शिकून यायचो आणि उरलेले दिवस घरी करायचो. तुम्हीही पहिल्यांदा डॉक्टरला आणि फिजिओला दाखवा. जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी, तिथं चौकशी करा. एकदा तरी नीट तपासणी झाल्याशिवाय घरचे प्रयोग करायचे नाहीत.

घरी काय केलं ते आता क्रमानं सांगते.

सगळ्यात आधी खांदा सांभाळायचा. लकव्यात खांद्याचं मांस ढिलं पडतं आणि हाताच्या वजनानं सांधा खाली ओढला जातो. आपण माणसाला उठवताना काखेत हात घालून किंवा हात धरून ओढतो. तसं अजिबात करू नका. एकदा खांदा दुखायला लागला की माणूस व्यायामाचं नाव काढू देत नाही. उठवताना कमरेला आणि पाठीला आधार द्या. बसल्यावर हात लोंबता ठेवू नका, खाली उशी द्या. हात सुजला, लाल झाला, खूप दुखायला लागला तर डॉक्टरला दाखवा.

दुसरं, बोटं उघडायची. लकव्याचा हात हळूहळू आखडतो, मूठ वळते. मिटायला बोटं आपोआप शिकतात, उघडणं अवघड जातं. म्हणून दिवसभर नुसता चेंडू दाबत बसण्यापेक्षा उघडण्याकडं जास्त लक्ष द्या. चांगल्या हातानं दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून सावकाश सरळ करायची, मनगट मागं न्यायचं, थोडं थांबायचं. झटका द्यायचा नाही.

तिसरं, सरकवणं. टेबलावर किंवा पाटावर फडकं ठेवायचं, त्यावर हात ठेवायचा आणि फडकं पुढं सरकवायचं, मागं आणायचं. पोळपाट पुसतो तसं. यात हाताचं वजन उचलावं लागत नाही, म्हणून ज्यांचा हात कमी हलतो त्यांनाही जमतं. इथं एक चोरी होते. कोपर सरळ होत नसलं की माणूस कमरेतून पुढं वाकतं आणि आपल्याला वाटतं हात पुढं गेला. म्हणून पाठ भिंतीला टेकवून बसवा.

चौथं, दोन्ही हातांची कामं. लाटणं दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं करायचं. कपड्याची घडी घालायची. ओलं फडकं पिळायचं. कणीक मळताना कमजोर हातानं निदान परात धरून ठेवायची. परात धरणं हेही कामच आहे.

पाचवं, उचलणं आणि सोडणं. मोठ्यापासून बारीककडं जायचं. आधी कांदे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत. मग लिंबं. मग भुईमुगाच्या शेंगा. मग दोरीवर कपड्याचे चिमटे लावायचे आणि काढायचे. सगळ्यात शेवटी दाणे. आमच्या घरात बीडीएन ७११ तूर होती, आपल्याच बदनापूरच्या संशोधन केंद्राची. त्यात मूठभर हरभरे मिसळून ताटात टाकायचे आणि आत्याबाईंनी हरभरे वेगळे काढायचे. पहिल्या दिवशी सहा हरभरे निघाले आणि आत्याबाई दमून झोपल्या.

ज्यांचा हात अगदीच थोडा हलतो त्यांच्यासाठी आरशाचीही एक रीत आहे. आपल्या तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापला गेलेल्या लोकांसाठी ती काढली, नंतर लकव्यातही ती वापरायला लागले. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा. कमजोर हात आरशाच्या मागं लपवायचा. चांगला हात आरशापुढं उघडायचा, मिटायचा आणि आरशात बघत राहायचं. आपला दुसराच हात हलतोय असं दिसतं. त्याच वेळी मागचा हातही हलवायचा प्रयत्न करायचा. मेंदूला त्या दिसण्यातूनही चालना मिळते. याला खर्च एका आरशाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किती वेळा करायचं? २००९ साली अमेरिकेत एका अभ्यासात व्यायामाच्या तासाला बसून मोजणी केली. रुग्णाच्या हाताकडून कामाच्या हालचाली एका वेळेला सरासरी ३२ च होत होत्या. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो हालचाली लागल्या होत्या. फिजिओच्या हाताखालचे आठवड्यातले काही तास पुरत नाहीत ते यामुळं. बाकीचं घरातच व्हायला पाहिजे.

आपण भाकरी शिकलो ते आठवा. पहिली भाकरी कुणाची गोल झाली होती? कुणाची तुटली, कुणाची तव्यावर जाता जाता फाटली, कुणाच्या भाकरीला नकाशा म्हणून हसले. पण आईनं परात काढून घेतली नाही. रोज दहा भाकरी केल्या, तेव्हा कुठं वर्षा-दोन वर्षांनी हात बसला. लकव्याचा हातही असाच परत शिकतो, फरक एवढाच की माणसाला आधीचं सगळं आठवत असतं. साठीच्या जवळ आलेल्या बाईला स्वतःच्या हातानं शेंग उचलता येत नाही याची लाज वाटते. रडू येतं. आत्याबाई चिडायच्या, ताट ढकलून द्यायच्या. लकव्यानंतर मन खचणं हा आजाराचाच भाग असतो, त्यावरही औषध मिळतं. सारखं रडू येत असेल, जेवण तुटलं असेल तर डॉक्टरला सांगा. ‘नाटकं करते’ म्हणू नका.

आम्ही मोजायला भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग केला. वीस वेळा झालं की एक रेघ. सकाळी थोडं, दुपारी थोडं, दिवे लागल्यावर थोडं. एकदम तासभर बसवलं तर माणूस दमतं आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणतं. नातवाला रेघा मारायचं काम दिलं, तो एक रेघसुद्धा फुकट देत नव्हता.

काही गोष्टी जपायच्या. कमजोर हाताला गरम-थंड नीट कळत नाही. म्हणून चूल, तवा, गरम पाण्याची पिशवी यांपासून तो हात लांब. विळी नको. चालताना सोबत माणूस पाहिजे. आणि दवाखान्यात असताना पहिल्याच दिवशी घाईनं उठवून व्यायाम सुरू करायचा नाही. तिथं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

लोक विचारतात, हात पूर्ण बरा होतो का? खरं सांगायचं तर सगळ्यांचा होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, पुढं सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, नंतर सावकाश. पण सहा महिने झाले म्हणजे दार बंद झालं असं नसतं. ज्यांची बोटं पहिल्या महिन्यात अजिबात हलत नाहीत त्यांना आशा कमी असते. त्यांनी एका हातानं कामं करायच्या युक्त्या शिकायच्या आणि दुसरा हात दुखणार नाही, आखडणार नाही एवढी काळजी घ्यायची. त्यात त्यांचा काही दोष नाही.

अजून एक खरं सांगते. आपल्या देशात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली निकाल आला. त्यात घरच्या माणसाला व्यायाम शिकवून रुग्णाला घरी पाठवलं. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्या घरच्यांना शिकवलं ते आणि ज्यांच्या घरच्यांना शिकवलं नाही ते, यांच्यात फरक दिसला नाही. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. मग मी आपल्या घराकडं बघितलं. घरात शिकलेली एकटी सून असते. तिला शेत आहे, पोरांची शाळा आहे, जनावरं आहेत, गॅस संपलाय. ती रोज तीनदा बसून शंभर हालचाली कशा मोजणार? एका बाईवर सगळं टाकून ते होत नाही, असं माझं मत आहे. म्हणून मी आज हे घराघरांना सांगण्यापेक्षा गटांना सांगते आहे.

गट काय करू शकतो? आपल्या गावात लकवा झालेलं माणूस कोणत्या घरात आहे ते आपल्याला माहीत असतं. गटातल्या दहा बायांनी आळीपाळीनं रोज अर्धा तास तिथं जाऊन बसायचं. गप्पा मारायच्या, सोबत शेंगा फोडायच्या, रेघा मारायच्या. सुनेला तेवढा वेळ मोकळा मिळतो. फिजिओकडं जायच्या गाडीभाड्यासाठी गटातून कमी व्याजानं कर्ज द्यायचं. आशाताईला सोबत घ्यायचं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र निघतं, त्याचा अर्ज भरायला मदत करायची.

आणि रुग्ण बाई असेल तर जास्त लक्ष द्या. पुरुषाला लकवा झाला की बायको पायाशी बसून व्यायाम करून घेते. बाईला झाला की तिच्यासाठी वेळ काढणारं कुणी नसतं. एक तर तिला बाजेवर ठेवून देतात, नाहीतर महिनाभरात एका हातानं भांडी घासायला लावतात. दोन्हीत तो हात मरतो.

लकवा परत येऊ नये म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली आणि लकवा झाला, असं फार होतं. आत्याबाईंचंही तसंच झालं होतं. गडचिरोलीत सर्च संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सात मृत्यूंमागे एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला, आणि ते सगळ्यात मोठं कारण होतं. तीही आपल्यासारखीच खेडी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्या. गटाच्या बैठकीच्या दिवशीच आरोग्यवाल्या ताईंना बोलवा. मीठ-पापड-लोणचं हात राखून. आणि मिश्री लावता ना, तंबाखूची? ती बीपी आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवते. सोडा.

आता आत्याबाईंचं सांगून थांबते.

चौथ्या महिन्यात त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरून पाणी प्यायलं. सहाव्या महिन्यात उजव्या हातानं चमच्यानं खिचडी खाल्ली, अर्धी ताटाबाहेर. आठव्या महिन्यात एक दिवस मला म्हणाल्या, “पोरी, नातवाची पाटी दे.” त्या पाटीवर त्यांनी उभ्या रेघा ओढल्या. महिनाभर रेघाच. मग गोल. मग नावाचं पहिलं अक्षर. मी विचारलं, “आत्याबाई, आता काय करायचीय सही?” त्या म्हणाल्या, “तुम्ही ठराव लिहिला ना, मी आत जागी होते.”

मला खाली बघायशिवाय काही सुचलं नाही.

त्या परत अध्यक्ष झाल्या नाहीत. नवीन अध्यक्ष चांगलं काम करतात आणि आत्याबाईंनाही आता ती धावपळ नको. ब्लाऊजचे हूक अजून त्यांना लावता येत नाहीत, वेणी मीच घालते. भाकरी लहान थापतात, जाड होते, तव्यावर मी टाकते. पण दर महिन्याच्या बैठकीला हजेरीच्या वहीत त्या उजव्या हातानं सही करतात. वेळ लागतो. सही दोन ओळींत मावते, म्हणून सचिव ताई त्यांच्या नावाखालची ओळ मोकळी सोडतात. आम्ही सगळ्या तोवर थांबतो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. गावातल्या अशा एका घरी जा. पाणी मागितलं तर ग्लास अर्धा भरा, जो हात कमजोर आहे त्या बाजूला, पोचेल एवढ्या अंतरावर ठेवा. आणि थांबा. सांडलं तर सांडू द्या, पुसायला फडकं आहे.